गाडी उलाळ झाली तर?

दोस्तांनो, तुमच्यापैकी बैलगाडीत कोण कोण बसलंय? शहरातल्या मुलांचे हात फारसे वर येणार नाहीत, ठाऊक आहे मला. आम्ही लहानपणी सुट्टीत गावी गेलो की बैलगाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसायचो. एकदा आम्ही सात-आठ पोरं एकदम मागं जाऊन बसलो, आणि काय झालं! गाडीचं पुढचं टोक उचललं गेलं, जू बैलांच्या मानेवरून वर जायला लागलं आणि गाडीवान ओरडला, "पुढं सरा रे, गाडी उलाळ झाली!"

उलाळ म्हणजे मागं ओझं जास्त झाल्यामुळं पुढून उचललेली गाडी. याच्या उलट सगळं ओझं पुढं आलं, तर जू बैलांच्या मानेवर दाबून बसतं आणि बिचारे बैल हैराण होतात. म्हणून जाणता गाडीवान ओझं असं लावतो, की मानेवर भार पडावा, पण थोडासाच.

ही आठवण इतक्या वर्षांनी कशी आली म्हणाल, तर अमेरिकेतून आलेल्या एका पत्रामुळं. माझा पुतण्या तिकडं मिशिगन राज्यात असतो. त्याची मुलगी सातवीत आहे. ती मला मराठीत पत्र लिहिते. ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदी आनंद असतो, पण लिहिते हे महत्त्वाचं! तिचं म्हणणं असं होतं : "आजोबा, आजी येणार आहे. आम्हाला तिला लेक सुपीरियर दाखवायचाय. पण तंबूत जमिनीवर झोपून उठणं तिच्या गुडघ्यांना जमणार नाही. झोपायची सोय असलेला तयार कॅम्पर फार महाग आहे. म्हणून बाबा सामानाचा ट्रेलर घेऊन त्याची खोली करणार आहेत. कुठला घ्यायचा, ते ठरवायचं काम माझ्याकडे आहे."

सामानाचा ट्रेलर म्हणजे काय? आपल्या टेम्पोचा मागचा बंद डबा डोळ्यांसमोर आणा. त्याला इंजीन नाही, खाली दोन चाकं आणि पुढं लोखंडी दांडा. तो दांडा मोटारीच्या मागच्या गोळ्याला अडकवायचा, की डबा निघाला मोटारीमागून. तिकडे रंगारी, सुतार, गवत कापणारे आपली हत्यारं अशा डब्यातून नेतात. या डब्यात पलंग ठोकला, खिडकी कापली, की झाली चाकावरची खोली. असले उद्योग तिथं जुनेच आहेत बरं का. पाण्याच्या थेंबासारख्या आकाराचे छोटे झोपायचे ट्रेलर लोक 1930 च्या दशकापासून घरच्या घरी बनवत आले आहेत. 1947 साली तर 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' या मासिकानं त्याचे नकाशेच छापले होते.

तर ही बापलेक ट्रेलर बघायला इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट भागात गेली. मिशिगनच्या हद्दीला लागूनच आहे हा भाग, आणि चाकावरची घरं बनवण्याबद्दल सगळ्या अमेरिकेत प्रसिद्ध. तिथं एका विक्रेत्याच्या आवारात पोरीला एक डबा फारच आवडला. सहा फूट रुंद, बारा फूट लांब. आत बाबासुद्धा ताठ उभे राहत होते. एकावर एक असे दोन पलंग, अभ्यासाचं टेबल, सगळं तिच्या डोक्यात मांडूनही झालं. विक्रेता म्हणाला, "पाटी वाचा. भरलेला ट्रेलर 2990 पौंडांपर्यंत चालतो." म्हणजे सुमारे 1356 किलो. भरपूर की!

पण हा 2990 आकडा आला कुठून, माहीत आहे? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत 3000 पौंडांच्या वर ट्रेलर गेला, की त्याला स्वतःचे वेगळे ब्रेक लागतात. म्हणून ब्रेक नसलेल्या छोट्या ट्रेलरवर कारखाने दहा पौंड कमीचा आकडा टाकतात. आणि ती पाटी सांगते ट्रेलरच्या सोसण्याबद्दल. ओढणार कोण? मोटार! पुतण्याच्या मोटारीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, 1500 पौंड, म्हणजे 680 किलो, त्याहून जास्त ओढू नये. आता दोन आकड्यांतला कोणता पाळायचा? लहान असेल तो. पोरीनं तिथंच वहीत गणित मांडलं.

मोठा डबा रिकामा असतानाच 635 किलो. 680 वजा 635, उरले 45 किलो. म्हणजे तिच्या वर्गातलं एक मूल! पलंग नाही, पाणी नाही, काही नाही. शेजारी पाच फूट रुंद, आठ फूट लांब डबा उभा होता. तो रिकामा 410 किलो. 680 वजा 410, उरले 270. त्यात फोमच्या पाट्या आणि आतलं प्लायवूड 80, पलंग आणि गाद्या 35, बॅटरी 12, पाणी 20, शेगडी आणि भांडी 15, कपडे-पांघरुणं 30. बेरीज करा बघू. 192! म्हणजे भरलेला ट्रेलर 602 किलो, आणि वर 78 किलो शिल्लक. (बॅटरी 12 किलोची, कारण ती लिथियमची निवडली. तेवढीच वीज देणारी शिशाची बॅटरी तीस किलोच्या आसपास भरते. महाग पडते लिथियम, पण इथं एकेक किलो मोजायचा होता.)

पत्रात पुढं एकच ओळ होती, "मग मी मोठ्या डब्याकडे परत पाहिलं नाही." मला वाटतं, पाहिलं असणार. पण एकदाच.

लहान डब्याचा दुसरा फायदा म्हणजे वारा. मोटार धावते तेव्हा समोरची हवा ढकलत जाते. मागचा डबा मोटारीपेक्षा जितका रुंद आणि उंच, तितका तो हवेला जास्त अडतो आणि पेट्रोल जास्त जळतं. मुठीत उघडी छत्री धरून पळून पाहा, समजेल!

आता एक भीतीदायक गोष्ट सांगतो. छपराला कुठं भोक असेल तर पावसाचं पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड कुजतं. ते ओळखायची युक्ती सोपी आहे. भर दुपारी आत जायचं, दार लावायचं आणि अंधारात उजेडाचे ठिपके शोधायचे. ही चिमुरडी गेली आत. दार ओढून घेतलं. ठिपका काही दिसला नाही. ती दार उघडायला गेली, तर आतून कडीच नाही! कशी असणार? डबा सामानासाठी बनवलेला. सामान कधी आतून दार उघडतं का? दाराला बाहेरून लोखंडी अडसर होता आणि दार आपटताना तो खाली पडला होता. बाबा पलीकडं विक्रेत्याशी बोलत होते. पोरगी दोन-तीन मिनिटंच आत होती म्हणे, पण त्या तीन मिनिटांत तिनं ठरवून टाकलं, की आजी झोपणार त्या खोलीला आतून उघडणारं दार पाहिजेच. रात्री आग लागली तर? असं दार असलेला तेवढ्याच मापाचा दुसरा डबा त्यांना मिळाला. हजार सोयी कमी असल्या तरी चालेल, पण ही एक नसली तर ट्रेलर घेऊच नये, असं माझंही मत आहे.

तसंच शेगडीचं. बंद डब्यात शेगडी पेटवली, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साचू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेत तो माणसाचा जीव घेतो. म्हणून स्वयंपाक बाहेर, झाडाखाली! शिवाय माणसांच्या श्वासातली वाफ थंडीत पत्र्याला लागून पाणी होते. म्हणून छपराला एक झरोका ठेवला. उंचीची मात्र गंमत झाली. आत उंची साडेपाच फूट. पुतण्या वाकून उभा राहतो, सूनबाईंचं डोकं टेकतं, आणि आमच्या वहिनी, म्हणजे पोरीची आजी, चार फूट अकरा इंच. त्या एकट्याच ताठ! फोनवर मला म्हणाल्या, "भाऊजी, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मापाचं घर मिळालं." चढायला एक भक्कम पायरी करून दिली. झोपायची वाटणीही ठरली. आत आजी आणि नात, बाहेर तंबूत आई-बाबा.

सगळं झालं, आणि मग बैलगाडी आली. म्हणजे बैलगाडीची गोष्ट! दोनच चाकांचा ट्रेलर आणि बैलगाडी यांच्यात फरक काय? आस एकच, आणि पुढं बैलांऐवजी मोटार. इथं ट्रेलर मागून जड झाला, तर दांडा मोटारीच्या गोळ्याला वर उचलू पाहतो. आणि बैलगाडी हळू चालते, मोटार धावते. वेग वाढला, की मागून जड ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडं हलायला लागतो, आणि ते हेलकावे वाढत गेले, तर मोटारीलाही फरफटत रस्त्याबाहेर नेतो. म्हणून भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी दांड्यावर पडायला हवा. पंधरा टक्क्यांच्या वर मात्र नको.

हे घरी करून पाहा. गोल पेन्सिलीवर एक फूटपट्टी आडवी ठेवा. पेन्सिल आठ इंचांच्या खुणेखाली येऊ द्या, आणि पट्टीचं शून्याकडचं टोक बोटावर टेकवा. हे बोट म्हणजे मोटार, पेन्सिल म्हणजे आस. आता दोन रुपयांची नाणी आधी बोट आणि पेन्सिल यांच्या मधे ठेवा, मग पेन्सिलीच्या मागं. बोटाला कधी भार जाणवतो आणि कधी पट्टी उचलते, बघा.

602 किलोचा दहावा हिस्सा झाला 60 किलो. पण मोटारीच्या गोळ्यावर 68 किलोंच्या वर भार चालत नव्हता. म्हणजे 60 ते 68, एवढीच फट. बापलेकीनी काय केलं? न्हाणीघरातला माणसं तोलायचा काटा आणला, त्यावर लाकडी ठोकळा ठेवला, ठोकळ्यावर दांडा टेकवला. काटा दाखवतो, फक्त 31! कारण पाणी, बॅटरी आणि शेगडी-भांड्यांची पेटी, सगळं मागच्या दाराजवळ ठेवलं होतं, काढायला सोपं म्हणून. गाडी उलाळच की!

पुतण्या म्हणाला, तिन्ही वस्तू अगदी पुढं नेऊ. पोरगी म्हणाली, "पण बाबा, पाणी संपल्यावर?" वा! माझ्या डोक्यात नव्हतं आलं. पुढं ठेवलेलं पाणी वापरून संपलं, की पुढचा भार पुन्हा कमी होणार. म्हणून बॅटरी आणि पेटी पुढं गेली, आणि पाण्याचे डबे बरोबर आसावर. तिथं पाणी भरा नाहीतर संपवा, दांड्याला त्याचं काही नाही. पुन्हा तोललं. 64!

मग निघाले. वाटेत मॅकिनॉ पूल लागतो. 1957 साली खुला झालेला, आठ किलोमीटर लांब, आणि मधोमध रस्ता पाण्यापासून साठेक मीटर उंच. आतल्या बाजूच्या मार्गिकांना तर खाली लोखंडी जाळीच आहे. वारा फार असला, की पुलाचे लोक उंच वाहनांना आणि ट्रेलरना ताशी 32 किलोमीटरनं, आपली गाडी सोबत देऊन पलीकडं नेतात. नेमका तसाच वारा त्या दिवशी होता. ट्रेलरमध्ये अर्थात कुणी नव्हतं, धावत्या ट्रेलरमध्ये माणसानं बसायचंच नसतं. चौघं मोटारीत. पोरगी मागच्या काचेतून ट्रेलरकडं एकटक बघत होती, आणि वहिनी डोळे मिटून जप करत होत्या. पलीकडं पोचल्यावर त्यांनी विचारलं, "हलला का गं?" पोरगी म्हणाली, "थोडासा. पण शेपटी नाही हलवली."

आता तिचा नवा हट्ट आहे. येत्या सुट्टीत तिला सायकल न्यायचीय, मागच्या दाराला टांगून. सायकल 15 किलोची. दांड्याच्या टोकापासून आस साडेसात फुटांवर, आणि सायकल आसाच्या मागं चार फुटांवर येईल. आजी, पाणी, पेटी सगळं पूर्वीसारखंच. मग काटा 64 च्या जागी किती दाखवेल? आणि ते पुरेल का? नसेल पुरत, तर सायकल कुठं ठेवावी? तिनं मला विचारलंय, मी तुम्हाला विचारतो. उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा, पण गणित करून पाठवा. नुसतं "नाही चालणार" लिहिलेलं कार्ड ती मानणार नाही.