विश्लेषण : सर्व्हरला ‘एसएसडी कॅशे’ जोडल्याने वेग वाढतो, पण डेटा सुरक्षित राहतो का?

एकाच सर्व्हरवर दहा-पंधरा ‘आभासी’ संगणक चालवणे म्हणजे व्हर्च्युअलायझेशन. पतसंस्थेचे हिशेब, रुग्णालयातील नोंदी, कॉलेजचे निकाल अशी कामे आज अनेक ठिकाणी याच पद्धतीने चालतात. या क्षेत्रातील व्हीएमवेअर ही बडी कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ताब्यात घेतली. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची सक्ती केली. त्यानंतर अनेक संस्था प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त पर्यायांकडे वळल्या. सर्व्हर नव्याने उभारताना पहिला प्रश्न येतो तो डेटा कशावर साठवायचा, हा.

हार्ड डिस्क कमी का पडते?

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यालाच सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. त्यात डेटा वाचणारा हेड योग्य जागी सरकण्याचा वेळ मिळवा. त्यामुळे डिस्कवर विखुरलेला डेटा मागितला, तर ती सेकंदाला साधारण शंभरेक मागण्याच पुऱ्या करते. दहा आभासी संगणक एकदम मागू लागले, की रांग लागते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, त्यामुळे साधी एसएसडीही हजारो मागण्या सहज हाताळते.

मग सगळेच एसएसडीवर का नको?

कारण किंमत. तेवढीच जागा हार्ड डिस्कवर बरीच स्वस्त पडते. म्हणून मधला मार्ग निघाला. किराणा दुकानदार रोज खपणारा माल हाताशी ठेवतो आणि पोती गोदामात. कॅशेचे काम तसेच. वारंवार लागणारा डेटा एसएसडीवर, बाकीचा हार्ड डिस्कवर.

धोका नेमका कुठे?

केवळ वाचनासाठीची कॅशे निर्धोक असते. तिथे फक्त प्रत असते, मूळ डेटा डिस्कवरच राहतो. एसएसडी बंद पडली तर वेग कमी होईल, एवढेच.

लिहिण्याच्या कॅशेचे तसे नाही. ‘राइट-थ्रू’ पद्धतीत डेटा डिस्कवर पोहोचल्यावरच ‘लिहिले’ असे कळवले जाते. ‘राइट-बॅक’मध्ये तो एसएसडीवर पोहोचताच तसे कळवतात आणि डिस्कवर नंतर सावकाश उतरवतात. त्या मधल्या वेळेत एसएसडी गेली, तर सर्वांत ताज्या नोंदी जातात आणि डिस्कवर अर्धवट, विसंगत डेटा उरतो. खातेदाराला पावती मिळालेली असते, पण खात्यात नोंद नसते. व्हीएमवेअरच्या व्हीसॅन प्रणालीच्या जुन्या रचनेतही कॅशेची एसएसडी बंद पडली, की तिच्यामागचा अख्खा डिस्कगट बंद होतो.

काय काळजी घ्यावी?

राइट-बॅक हवेच असेल, तर एकाऐवजी दोन एसएसडी ‘मिरर’ करून लावाव्यात. दोन्हींवर सारखेच लिखाण होते, त्यामुळे एकाच वेळी घेतलेली जोडी एकदमच झिजू शकते. म्हणून झीज दाखवणारा आकडा नियमित पाहावा. वीज गेल्यावर हातातील डेटा लिहून पूर्ण करणारे कपॅसिटर असलेली, सर्व्हरसाठीची एसएसडीच निवडावी. यूपीएस हवाच, पण तो या संरक्षणाची जागा घेत नाही.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. म्हणून सर्व्हर बसवणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा : कॅशे राइट-बॅक आहे का? आणि बॅकअपमधून डेटा परत आणण्याची चाचणी शेवटची कधी घेतली?