आरोग्याच्या चार गोष्टी : उपचार संपल्यावरचा प्रश्न



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हॉलच्या स्वयंपाकघरात मी चहाचे कप विसळत होते. एक ताई मदतीला आल्या आणि नळाच्या आवाजात हळूच म्हणाल्या, "अगं, तू डॉक्टर ना? एक विचारू?" मी म्हटले, "ताई, मी रसायनशास्त्राची डॉक्टर. औषध काही देता येणार नाही, पण ऐकते."

त्यांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. रेडिएशन, केमो पार पडले, तपासण्या चांगल्या आल्या, घरी पेढेही वाटले. "पण आठ महिने झाले, हे एका खोलीत, मी दुसऱ्या. मला दुखते, त्यांना भीती वाटते. आणि विचारायचे कोणाला?"

त्यांच्या परवानगीने, ओळख गाळून, हे लिहिते आहे. हे पान घरातले सगळे वाचतात याची मला कल्पना आहे. पण असा संकोच करूनच बायका वर्षानुवर्षे सोसत राहतात.

आधी दुखते का ते पाहू. रेडिएशन कर्करोगाच्या पेशी मारते, तसे शेजारच्या निरोगी भागालाही भाजते. भाजलेली कातडी भरून येताना आखडते, तसा योनिमार्ग अरुंद आणि आखूड होऊ शकतो. शिवाय ओटीपोटावरच्या रेडिएशनने बीजकोशांचे काम थांबते, त्यामुळे पस्तिशीतही पाळी कायमची जाऊ शकते. इस्ट्रोजेन कमी झाले की ओलावा जातो आणि आतले अस्तर पातळ होते. म्हणजे हे दुखणे मनाचे खेळ नाहीत, की नवऱ्यावरची माया आटल्याची खूणही नाही. शरीरात झालेला हा बदल आहे आणि त्यावर उपाय आहेत.

पहिला उपाय डायलेटर. लहानापासून मोठ्यापर्यंत गुळगुळीत नळकांड्यांचा हा संच असतो. रेडिएशन संपल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांत, नर्स सांगेल तेव्हा सुरुवात करायची. आठवड्यातून दोन-तीनदा, जेल लावून, काही मिनिटे, अजिबात जोर न लावता. उशीर झाला असला तरी विचारावे. ज्या एकट्या आहेत त्यांनाही हे उपयोगी आहे, कारण पुढच्या तपासणीत डॉक्टरांना आतून पाहावे लागते.

दुसरा उपाय कोरडेपणावर. नेहमी लावायचे मॉइश्चरायझर वेगळे आणि संबंधाच्या वेळचे वंगण वेगळे. दोन्ही फार्मसीत मिळतात. वंगण पाण्यावर आधारलेले घ्यावे. आपला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो, पण तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटतो, हे लक्षात ठेवा. आत साबण किंवा जंतुनाशक लावू नका. निरोगी योनिमार्ग मुळात आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच चारच्या आसपास असतो. साबण ते संरक्षण बिघडवतो.

तिसरे, हार्मोन. "कर्करोग झाला, आता हार्मोन नकोच" असे आपण धरून चालतो. गर्भाशयमुखाच्या नेहमीच्या प्रकारच्या कर्करोगात एचआरटी सहसा चालते, आणि लवकर पाळी गेलेल्या बाईच्या हाडांसाठीही ती महत्त्वाची असते. आपल्या बाबतीत काय, ते डॉक्टरांना विचारा. आयर्लंडमध्ये जून २०२५ पासून चिठ्ठीवर लिहून दिलेली एचआरटीची औषधे मोफत मिळतात.

आता घरातल्या पुरुष मंडळींसाठी. हा कर्करोग संसर्गाने तुम्हाला होत नाही. उपचार पूर्ण झाल्यावर पत्नीच्या अंगात रेडिएशन उरत नाही. या रोगामागचा एचपीव्ही विषाणू शरीरसंबंधातून येतो हे खरे, पण तो इतका सर्रास आढळतो की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो. तो वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो, त्यामुळे त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडता येत नाही. धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने खेड्यापाड्यांतल्या बायकांची तपासणी केली. २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची एचपीव्ही चाचणी झाली, त्यांच्यात दहातल्या साधारण एकीला हा विषाणू सापडला. या आपल्याच घरच्या, संसारी बायका.

आणि घाई नको. आधी शेजारी बसणे, हात हातात घेणे, पाठीला तेल चोळून देणे. ती "आज नको" म्हणाली तर तिथेच थांबायचे. संबंधानंतर सुरुवातीला थोडा डाग दिसू शकतो, पण रक्त वारंवार किंवा जास्त जात असेल तर लगेच कळवा.

या देशात लिमरिकच्या विकी फेलन यांना २०११ च्या चाचणीत धोका नसल्याचे चुकीचे सांगितले गेले आणि २०१४ मध्ये कर्करोगाचे निदान झाले. २०१८ मध्ये कोर्टात तडजोड झाली, पण गप्प राहण्याची अट त्यांनी मानली नाही. त्या बोलल्या म्हणून इतर शेकडो बायकांना आपल्या चाचण्यांबद्दल कळले. २०२२ मध्ये त्या गेल्या. आपल्याला कोर्टात जायचे नाही, फक्त नर्सला एक प्रश्न विचारायचा आहे.

इंग्रजीची अडचण असेल तर हॉस्पिटलकडे दुभाषी मागा. मुलाला किंवा सासूबाईंना या कामाला नेऊ नका. आयरिश कॅन्सर सोसायटीची मोफत फोनसेवा आहे : १८०० २०० ७००. तिथे कर्करोगाच्या नर्सशी बोलता येते.

ताईंनी पुढच्या भेटीत विचारले. नर्सने दार लावले, अर्धा तास समजावले आणि संच हातात दिला. हे आधी कोणी सांगितलेच नव्हते, की उपचारांच्या धांदलीत कानावरून गेले, हे ताईंना आता आठवत नाही. अजून सगळे पूर्वीसारखे झालेले नाही. पण दोघे आता एकाच खोलीत झोपतात आणि बोलतात, असे त्यांनी परवा सांगितले.

कोणाला नर्सकडे सोबत हवी असेल तर मला सांगा. मी येईन, बाहेर बसेन, आणि कोणाजवळ काही बोलणार नाही.