रुग्णवाहिकेत न बसलेले गुरुजी

बारावीचा निकाल लागला की घरोघरी माहितीपत्रकांचा ढीग साचू लागतो. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या पलीकडे पाहणाऱ्या पालकांचे लक्ष आता निमवैद्यकीय शिक्षणाकडे वळू लागले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्यातही आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे ज्याला जगभर ‘पॅरामेडिक’ म्हणतात, त्याच्या अभ्यासक्रमाविषयी तरुणांमध्ये विशेष कुतूहल आहे. माहितीपत्रकात इमारतीचे देखणे छायाचित्र असते, प्रयोगशाळेतील पुतळे असतात, शुल्काचा तक्ता आणि नोकरीची आश्वासनेही असतात. एका प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात सहसा सापडत नाही. शिकविणारे कोण आहेत आणि ते कोठून आले आहेत?

हा प्रश्न गौण नाही. इतिहासाच्या प्राध्यापकाने पानिपताची लढाई लढलेली असावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु ज्या विद्येची परीक्षा रस्त्याच्या कडेला, अंधारात, गर्दीच्या गोंगाटात आणि अवघ्या काही मिनिटांत होते, ती विद्या शिकविणाऱ्याने तो रस्ता पाहिलेला असलाच पाहिजे. हृदयक्रिया बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. छातीवर मिनिटाला 100 ते 120 या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो, हे पुस्तकात लिहिलेले आहे आणि ते कोणालाही पाठ करता येते. पण जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून, उद्वाहन नसताना, अरुंद जिन्यातून रुग्णाला खाली आणायचे असेल तर? दाब कोठे थांबवायचा, किती क्षण थांबवायचा, वळणावर स्ट्रेचरचे डोके कोणत्या बाजूला ठेवायचे आणि त्याच वेळी आक्रोश करणाऱ्या आप्तांशी काय बोलायचे? याची उत्तरे ज्याने तो जिना उतरलेला आहे, त्याच्यापाशीच असतात. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असे आपल्याकडे उगाच म्हटलेले नाही.

अशा अभ्यासक्रमांत शिकविणाऱ्यांची पार्श्वभूमी पाहिली तर साधारणपणे चार वर्ग दिसतात. पहिला वर्ग डॉक्टरांचा. शरीरशास्त्र, रोगनिदान आणि औषधांचे परिणाम यांचे त्यांचे ज्ञान निर्विवाद असते आणि त्यांच्याविना हा अभ्यासक्रम उभाच राहू शकत नाही. पण बहुतेक डॉक्टरांनी रुग्ण पाहिलेला असतो तो रुग्णालयाच्या दारातून आत आल्यानंतर, भरपूर प्रकाशात, हाताशी परिचारिका आणि यंत्रसामग्री असताना. दुसरा वर्ग परिचारिका आणि परिचारकांचा. शुश्रूषेची शिस्त, स्वच्छतेचा आग्रह आणि नोंदींचा काटेकोरपणा विद्यार्थ्यांच्या अंगी बाणवावा तो त्यांनीच. मात्र त्यांचे कार्यक्षेत्रही प्रायः रुग्णालयाच्या भिंतींच्या आत असते. तिसरा वर्ग प्रत्यक्ष रुग्णवाहिकेवर वर्षानुवर्षे काम करून आलेल्यांचा. त्यांच्याकडे अनुभवाचे भांडार असते, पण ते मांडण्याची पद्धत आणि विद्यापीठाला हवी असलेली पदवी या दोहोंची उणीव पुष्कळदा असते. चौथा वर्ग सर्वांत चिंताजनक आहे. कालपर्यंत बाकावर बसलेला विद्यार्थी उत्तीर्ण होताच फळ्यापुढे उभा केला जातो. तो कमी वेतनात मिळतो आणि कागदोपत्री पात्र असतो. त्याने एकही रात्र रुग्णवाहिकेत काढलेली नसते. तो जे ऐकले तेच पुढे सांगतो, आणि प्रत्येक पिढीगणिक विद्या पातळ होत जाते.

या व्यवसायाचा जन्म कसा झाला, हे पाहिले की या प्रश्नाचे मर्म अधिक उलगडते. अमेरिकेत 1966 मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला आणि त्या देशातील रुग्णवाहिका-व्यवस्थेची दुर्दशा चव्हाट्यावर आली. पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, पिट्सबर्ग शहरात ‘फ्रीडम हाऊस’ नावाची रुग्णवाहिका-सेवा उभी राहिली. तेथील हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतील, समाजाने निरुपयोगी ठरविलेल्या बेरोजगार तरुणांना भूलतज्ज्ञ डॉ. पीटर सफर यांच्या मार्गदर्शनाखाली प्रशिक्षण देण्यात आले. त्या तरुणांनी जे काम करून दाखविले, ते पुढे देशभरातील सेवांना आदर्श ठरले. या सेवेच्या वैद्यकीय संचालक झालेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलीन केवळ कार्यालयात बसून राहिल्या नाहीत. त्या आपल्या प्रशिक्षणार्थींबरोबर रुग्णवाहिकेतून फिरल्या आणि त्यांच्या हातांनी होणारे काम व त्यांना येणाऱ्या अडचणी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. त्यानंतर 1979 मध्ये त्यांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. पॅरामेडिकच्या शिक्षणात ते आजही मूलभूत मानले जाते. ग्रंथ लिहिणारी व्यक्ती आधी रुग्णवाहिकेत बसली होती, हा या इतिहासाचा धडा आहे. दुसरा धडा दुःखद आहे. 1975 मध्ये पिट्सबर्ग नगर प्रशासनाने स्वतःची सेवा सुरू केली आणि ‘फ्रीडम हाऊस’ बंद झाले. नव्या व्यवस्थेत या अनुभवी तरुणांपैकी अनेकांना मानाचे स्थान मिळाले नाही. त्यांच्यातील जॉन मून यांच्यासारखा एखादा पुढे त्याच नगरसेवेत साहाय्यक प्रमुखपदापर्यंत पोहोचला. बाकीच्यांपैकी अनेकांचा अनुभव वाया गेला. पदवी आणि प्रतिष्ठा यांच्या नावाखाली अनुभवाला दाराबाहेर उभे करण्याची खोड केवळ आपल्याकडेच आहे, असे नाही.

त्या देशांनी कालांतराने यातून मार्ग काढला. अमेरिकेत 2013 पासून राष्ट्रीय नोंदणीच्या पॅरामेडिक परीक्षेस बसण्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातूनच उत्तीर्ण होणे आवश्यक झाले. अशा अभ्यासक्रमाच्या संचालकाकडे किमान पदवी हवी आणि रुग्णालयाबाहेरील आपत्कालीन सेवेचा अनुभवही हवा, शिवाय वैद्यकीय संचालक म्हणून डॉक्टर हवाच, अशी तेथील रचना आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी हे शिक्षण रुग्णवाहिका-सेवांच्या स्वतःच्या प्रशिक्षणशाळांतून होत असे. पुढे ते विद्यापीठांत गेले आणि सप्टेंबर 2021 पासून नोंदणीसाठी पदवी हा किमान स्तर ठरला. हे स्थित्यंतर होताना अनुभवी पॅरामेडिकना बाजूला सारण्यात आले नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि तेच विद्यापीठांतील अध्यापक झाले. विद्यार्थी रुग्णवाहिकेवर असताना त्याच्या शेजारी बसून शिकविणारा अनुभवी मार्गदर्शकही त्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग आहे. आपण परदेशांची आंधळी नक्कल करावी, असे मुळीच नाही. परंतु जे तारतम्य तेथे दाखविले गेले, ते आपल्याला पारखे असण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्यकर्माचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर कसा करावा, याचे वर्णन आहे. शास्त्र पाठ असूनही ज्याने कर्माचा अभ्यास केलेला नाही, त्याला चिकित्सेसाठी पात्र न मानणारी ही आपली परंपरा आहे. तिचा केवळ अभिमान बाळगायचा आणि वर्गात मात्र हात न चालविलेला शिक्षक नेमायचा, ही विसंगती होय.

आपल्या देशात हा व्यवसाय तरुण आहे. 108 क्रमांकाची सेवा 15 ऑगस्ट 2005 रोजी हैदराबाद येथे सुरू झाली आणि नंतर अनेक राज्यांत पसरली. महाराष्ट्रात ती 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी 233 प्रगत जीवरक्षक, तर 704 मूलभूत जीवरक्षक स्वरूपाच्या होत्या. आपल्या राज्याचे वैशिष्ट्य असे, की या रुग्णवाहिकांवर प्रामुख्याने आयुर्वेद, होमिओपॅथी आदी शाखांचे पदवीधर डॉक्टर नेमण्यात आले. रुग्णांच्या दृष्टीने हा निर्णय आश्वासक वाटावा, असाच होता. परंतु त्याचा एक परिणाम लक्षात घेतला पाहिजे. अन्य राज्यांत रुग्णवाहिकेवर आपत्कालीन तंत्रज्ञ स्वतःच्या जबाबदारीवर काम करतो, त्यातून त्याचा अनुभव वाढतो आणि उद्याचा प्रशिक्षक घडू शकतो. आपल्याकडे ती शिडी अरुंद राहिली. आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून भारतीय वैद्यक परिषदेने मान्यता दिली तीच मुळी 2009 मध्ये. त्यामुळे या विषयात पारंगत डॉक्टरांची संख्याही अनेक दशके जुन्या शाखांच्या तुलनेत तोकडी आहे. शिकवू शकणारे डॉक्टर थोडे आणि शिकवू दिले जाणारे अनुभवी तंत्रज्ञ त्याहून थोडे, अशी ही कोंडी आहे.

ही कोंडी फोडण्याची साधने आता उपलब्ध आहेत. संसदेने 2021 मध्ये राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा संमत केला. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा त्यात नामनिर्देश आहे आणि अभ्यासक्रमांबरोबरच अध्यापकवर्गाची रचना व पात्रता यांचे किमान निकष ठरविणे हे आयोगाच्या कर्तव्यांत येते. हे निकष ठरविताना केवळ पदव्यांची यादी करून चालणार नाही. रुग्णवाहिकेवरील कामाचा ठराविक वर्षांचा अनुभव ही अध्यापकाच्या पात्रतेची अनिवार्य अट असली पाहिजे. दुसरे साधन विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये दिले. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या योजनेनुसार आपल्या क्षेत्रात किमान 15 वर्षे काम केलेल्या निष्णात व्यक्तीला औपचारिक पदवीच्या अटीविना अध्यापनासाठी नेमता येते. अशा पदांची मर्यादा मंजूर पदांच्या 10 टक्के आहे. ही कल्पना उद्योगपती आणि उच्चाधिकारी यांच्यापुरती का राहावी? दीड दशक महामार्गावर अपघातग्रस्तांना उचलणारा तंत्रज्ञ या सन्मानास पात्र नाही काय? याच सूत्राचा विचार नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि आयोगानेही करावा. सैन्यदलांच्या वैद्यकीय शाखांतून निवृत्त होणाऱ्या नर्सिंग असिस्टंटकडेही आपले लक्ष जावयास हवे. सीमेवर, बर्फात आणि जंगलात, साधनांच्या अभावात जखमीला वाचविण्याचा त्यांचा अनुभव निवृत्तीनंतर सुरक्षारक्षकाच्या खुर्चीत वाया जाऊ देणे समाजाला परवडणारे नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्तही आहे. चांगले काम करणारा चांगले शिकवतोच असे नाही. अनुभवाबरोबर काही चुकीच्या सवयीही मुरलेल्या असतात. ‘आम्ही असेच करीत आलो’ हे वाक्य शास्त्राचे शत्रू आहे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे बदलत असतात. सर्पदंशात दंशाची जागा कापणे किंवा घट्ट आवळपट्टी बांधणे हे पूर्वी उपाय मानले जात. आज ते अपायकारक ठरले आहेत. कोणाही शिक्षकाने ते शिकविले, तर त्याचा दीर्घ अनुभव रुग्णाच्या जिवावर उठेल. म्हणून अनुभवी व्यक्तीला थेट वर्गात ढकलणे हा उपाय नव्हे. तिला अध्यापनशास्त्राचे प्रशिक्षण द्यावे, तिचे ज्ञान ठराविक काळाने तपासावे आणि डॉक्टर व परिचारिका यांच्या जोडीने तिने शिकवावे. तसेच जो डॉक्टर किंवा परिचारिका हा विषय शिकविणार असेल, त्यांनी दरवर्षी काही पाळ्या रुग्णवाहिकेवर कराव्यात, असा नियम असावा. विद्या एकाची, हात दुसऱ्याचा आणि शिस्त तिसऱ्याची अशा त्रिवेणीतूनच चांगला पॅरामेडिक घडतो.

शासन आणि विद्यापीठे आपले काम करतील तेव्हा करतील. समाजाने हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी महाविद्यालयाला चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. पूर्णवेळ शिक्षकांपैकी किती जणांनी रुग्णवाहिकेवर काम केले आहे? विद्यार्थ्याला प्रत्यक्ष रुग्णवाहिकेवर किती तास काम करावयास मिळेल? तेव्हा त्याच्या शेजारी मार्गदर्शक कोण असेल? आणि कोणत्या रुग्णालयाच्या व रुग्णवाहिका-सेवेच्या लेखी करारावर हे सारे आधारलेले आहे? उत्तरे टाळली गेली, तर तेच उत्तर समजावे. इमारतीच्या संगमरवराने कोणाचा श्वास परत येत नाही. रुग्णवाहिका आणि रक्तपेढ्या चालविणाऱ्या सेवासंस्थांतील कार्यकर्त्यांनाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याकडील अनुभवी चालक, परिचारक आणि तंत्रज्ञ यांना हेरून त्यांना पुढील शिक्षणासाठी पाठबळ द्यावे, त्यांच्या अनुभवांच्या नोंदी मराठीत करून ठेवाव्यात आणि परिसरातील महाविद्यालयांना त्यांचा परिचय करून द्यावा.

2022 या एका वर्षात आपल्या देशात 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवरील अपघातांत मृत्युमुखी पडली. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून मोटार वाहन कायद्यातच स्थान मिळाले आहे आणि जखमीला मदत करणाऱ्या सज्जनाला 2019 च्या दुरुस्तीने संरक्षणही दिले आहे. कायद्याने तासाचे मोल मान्य केले. आता त्या तासात जखमीपर्यंत पोहोचणारे हात कोणी घडविले, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. रस्त्यावर पडलेल्या माणसाला त्या तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र दिसत नसते. त्याच्या शिक्षकाचे नावही त्याला कधी कळणार नाही. पण त्याचा जीव वाचेल की जाईल, हे पुष्कळदा त्या अज्ञात शिक्षकाने वर्गात काय शिकविले आणि ते स्वतः कोठे शिकले, यावरच ठरते. म्हणून यंदा प्रवेश-अर्ज भरताना शुल्काच्या आकड्याइतकेच लक्ष शिक्षकांच्या यादीकडेही द्यावे.