अवघडपणाचा तराजू

नॉर्वेमधील 'स्पेसबॉल्स' या गटाचा विषय निघाला की एक शेरा हमखास कानी येतो: कृती गाजली खरी, पण तीत प्रोग्रॅमिंग कुठे होते? हा शेरा १९९२ इतका जुना आहे. त्याला उत्तर देण्याचे काम संगणकवाल्यांवर सोपवून आम्हा साहित्याच्या माणसांनी स्वस्थ बसावे असे वाटत नाही, कारण शेऱ्यामागचा तराजू आमच्या ओळखीचा आहे. तो आमच्याच दुकानातला.

डेमो म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. डेमो हा खेळ नव्हे. त्यात प्रेक्षकाने करण्यासारखे काही नसते. तो चित्रपटही नव्हे. कारण पडद्यावरचे चित्र आधी टिपून ठेवलेले नसून यंत्र ते त्या क्षणी काढत असते, आणि सोबत संगीत वाजत असते. या प्रकाराचे कूळ फारसे प्रतिष्ठित नाही. १९८०च्या दशकात कमोडोर ६४ हा घरगुती संगणक युरोपातील मुलांच्या हाती आला, आणि विकत मिळणाऱ्या खेळांची कुलपे तोडून त्यांच्या प्रती वाटणारे गट उभे राहिले. कुलूप कोणी तोडले हे जगाला कळावे म्हणून खेळाच्या आरंभी सरकती अक्षरे, चमकते बोधचिन्ह आणि एखादी धून असे छोटे मंगलाचरण जोडले जाई. नॉर्वेत १९८५ साली स्थापन झालेला 'रेझर १९११' हा गट याच धंद्यातला. आधी तो स्वतःला 'रेझर २९९२' म्हणवी. १९११ ही संख्या षोडशमान पद्धतीत लिहिली तर ७७७ होते, हा त्या नावातला खोडकरपणा. पुढे अनेक ठिकाणी मंगलाचरणच ग्रंथापेक्षा रंजक ठरू लागले, खेळापासून सुटे झाले, आणि डेमो जन्मला.

गटात प्रोग्रॅम लिहिणारा असे, चित्रे काढणारा असे, संगीतकार असे. आणि डिस्कांच्या प्रती काढून टपालाने देशोदेशी धाडणाराही असे, ज्याला आपण वितरक म्हणू. सारे टोपणनावाने वावरत. (केशवसुत आणि बालकवींच्या भाषेला याचे नवल वाटू नये.) त्यांची समीक्षाही त्यांनीच उभारली होती. नॉर्वेतीलच 'क्रूसेडर्स' हा गट युरोपभरची मते मागवून क्रमवारीचा 'युरोचार्ट' काढत असे, तोही डिस्कवरच. १९९२च्या ईस्टरला नॉर्वेत 'द गॅदरिंग' हा मेळावा सुरू झाला. नंतर तो हामार येथे, १९९४च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या वायकिंगस्किपेट या सभागृहात भरू लागला. पोरकट उद्योग म्हणून ज्याची बोळवण होते त्याच्यापाशी लेखक, वितरक, नियतकालिक, वाचकांचे मत आणि संमेलन एवढे सगळे होते. एखाद्या वाङ्मयीन चळवळीला आणखी काय लागते?

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नाताळ आणि नववर्ष यांच्यामधल्या दिवसांत, डेन्मार्कमधील ओर्स येथे भरलेल्या 'द पार्टी' या मेळाव्यात स्पेसबॉल्सने 'स्टेट ऑफ द आर्ट' सादर केला आणि अमिगा संगणकाच्या डेमोंत पहिला क्रमांक मिळवला. प्रोग्रॅम 'लोन स्टार'चा, संगीत 'ट्रॅव्होल्टा'चे. पडद्यावर सपाट रंगांच्या स्त्री-छायाकृती टेक्नो संगीताच्या ठेक्यावर नाचतात. मध्येच शब्द झळकतात, दृश्ये तुटतात, पार्श्वभूमी बदलते. तोवरच्या बहुतेक डेमोंची रचना प्रदर्शनातल्या दालनांसारखी असे: येथे फिरणारा घन, पुढे उसळणारे ठिपके, त्यापुढे लांबच लांब आभाराचा मजकूर. 'स्टेट ऑफ द आर्ट'मध्ये दालने नाहीत. तेथे एक लय आहे आणि बाकी सगळे तिच्या ताब्यात आहे.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडू. डेमो पाहणाऱ्याशी या प्रकाराचा एक करार असतो: समोरचे यंत्र हे सारे आत्ता, येथे गणित करून दाखवत आहे. घन फिरतो तेव्हा त्याचे प्रत्येक टोक कुठे जाईल हे त्या क्षणी मोजले जाते. नाचणारी स्त्री मात्र मोजलेली नाही. खऱ्या नृत्याचे चित्रण करून, त्यावरून बाह्यरेषा गिरवून ती आधीच तयार केली आहे. म्हणून हे अॅनिमेशन, म्हणून ही फसवणूक.

आता थोडा हिशेब. अमिगा ५०० या यंत्राचा प्रोसेसर सुमारे सात मेगाहर्ट्झचा, मूळ स्मृती ५१२ किलोबाइट, आणि डिस्कवर मावणारा ऐवज ८८० किलोबाइट. युरोपीय पद्धतीच्या पडद्यावर ३२० गुणिले २५६ ठिपक्यांचे, केवळ दोन रंगांचे एक चित्र जसेच्या तसे साठवायला १० किलोबाइट लागतात. म्हणजे पूर्ण डिस्क रिती करून तीत चित्रे भरली तरी मावतात ८८. सेकंदाला पंचवीस या वेगाने ती साडेतीन सेकंदांत संपतील, आणि संगीताला तसूभरही जागा उरणार नाही. 'स्टेट ऑफ द आर्ट' काही मिनिटे चालतो. चित्रे साठवून हे होणे नाही, एवढे कळायला प्रोग्रॅमर असावे लागत नाही.

साठवलेली असतात ती चित्रे नव्हेत, आकृतीचे कोपरे. गुडघा कुठे वळतो, कोपर कुठे मोडते, केसांची बट कुठे संपते, एवढ्याच बिंदूंची यादी. समजा एका आकृतीला असे शंभर बिंदू लागले आणि प्रत्येकाला दोन बाइट दिले, तर १० किलोबाइटांचे काम २०० बाइटांत होते. मग रेषा जोडणे आणि बंदिस्त आकार रंगाने भरणे हे अमिगातील ब्लिटर नावाच्या चिपला सोबत घेऊन यंत्र प्रत्येक वेळी नव्याने करते. म्हणजे करार मोडलेला नाहीच. फक्त काय मोजायचे आणि काय आठवणीत ठेवायचे यांतली सीमारेषा वेगळ्या जागी आखली आहे. शंभरांतले कोणते बिंदू ठेवले म्हणजे बाई नाचते आणि कोणते गाळले म्हणजे ती कोसळते, हा निर्णय कोणत्याही सूत्रातून निघत नाही. तो डोळ्यांनी घ्यावा लागतो.

पण खरे तर या हिशेबात शिरून आम्ही आक्षेपकांना नको तेवढा मान दिला. घटकाभर धरून चाला की प्रोग्रॅम सोपा होता. मग? कृती सोपी ठरली म्हणजे ती हलकी ठरते काय? मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचले. असा संकल्प सोडून तो तडीस नेणाऱ्याला आम्ही हात जोडतो. पण ओठ न मिटण्यातून काव्य निर्माण होते असे वर्गात कोणी सांगू लागला तर विद्यार्थी हसतील, आणि हसावेच. मम्मटाने चित्रकाव्याला काव्याच्या उतरंडीत शेवटची पायरी दिली. त्याने अवघडपणा अमान्य केला नाही. अवघडपणाला गुणवत्ता म्हणायचे नाकारले. मर्यादा ही कलावंताची अट आहे, प्रेक्षकाने वाचायची गुणपत्रिका नव्हे. डेमोंचा इतिहास मात्र अजून बराचसा विक्रमांच्या नोंदवहीसारखा लिहिला जातो: कोणी किती ठिपके हलवले, कोणी किती पृष्ठे फिरवली. अशा वहीत 'स्टेट ऑफ द आर्ट' बसत नाही, हा दोष वहीचा.

दुसऱ्या बाजूचे चाहतेही काही कमी नुकसान करत नाहीत. फिनलंडने २०२० साली, जर्मनी आणि पोलंडने २०२१ साली डेमोकलेला आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत स्थान दिले. (याला 'युनेस्कोची मान्यता' म्हणणे सैल बोलणे आहे, २००३च्या युनेस्को करारानुसार ठेवलेल्या या त्या त्या देशाच्या सूची आहेत.) त्याबद्दल आनंदच. परंतु वारसा म्हटले की शाल-श्रीफळ येते आणि कृती पाहणे थांबते. आज 'स्टेट ऑफ द आर्ट' बहुतेकांना भेटतो तो यूट्यूबवरील चित्रफितीच्या रूपात. म्हणजे ज्या गोष्टीचा आरोप त्याच्यावर झाला होता नेमकी ती, आधी टिपलेली फिल्म, होऊन. त्यावर कोणीतरी कौतुकाने लिहितो की २००३ सालच्या आयपॉडच्या जाहिरातींतील नाचत्या छायाकृती येथे अकरा वर्षे आधीच दिसतात. हे कौतुक आम्हाला सोसत नाही. जाहिरातीतली छायाकृती ही निवड होती; वाटेल तो रंग, वाटेल तेवढे बारकावे हाताशी असताना केलेली. अमिगावरची छायाकृती सक्तीतून आली, आणि त्या पोरांनी सक्तीची शैली केली. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने दोन्हीपैकी एकही कृती पाहिलेली नाही.

वर्षभराने, १९९३च्या 'द पार्टी'त, स्पेसबॉल्सने 'नाइन फिंगर्स' आणला. आक्षेप त्यांच्या कानांवर गेले नसतील हे संभवत नाही. जिद्दीने पेटलेला दुसरा कोणी फिरत्या घनांची रांग लावून आपली पात्रता सिद्ध करत बसला असता. यांनी पुन्हा नाचच केला. आकृती अधिक रेखीव, अंगविक्षेप अधिक सफाईचे, बिंदू पूर्वीहून कितीतरी जास्त. एवढा ऐवज एका डिस्कवर मावेना, तेव्हा त्यांनी दुसरी जोडली.