गेजवाला माणूस कुठे गेला?

कुठलाही अपघात झाला की दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात एक ठरलेलं वाक्य येतं - 'सुरक्षेचे नियम धाब्यावर बसवून काम चालू होतं.' हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. खोटं असतं म्हणून नाही, बऱ्याचदा ते खरंच असतं. पण त्यात एक सोयीस्कर गृहीतक दडलेलं असतं: नियम चांगले, नियम बघणारे चांगले, एक कंपनी तेवढी नालायक. नियम धाब्यावर जाऊन बसले तेव्हा त्यांना कान धरून घरी आणायचं काम ज्यांचं होतं ती मंडळी नेमकी काय करत होती, हे कोणी विचारत नाही.

आजचा विषय गॅसची पाइपलाइन. पुण्या-मुंबईत नवा फ्लॅट घेतला की आता बहुतेक ठिकाणी ओट्यापर्यंत पाइप येते. सिलिंडरचा नंबर लावायची कटकट गेली, बिल मोबाइलवर येतं, आपण खूश. रस्त्याखाली काय आहे आणि ते कोण तपासतं याचा विचार करायला वेळ कुणाला आहे?

उदाहरण मात्र मी अमेरिकेतलं घेतोय. 'तिकडे सगळं कसं शिस्तीत चालतं' असं आपल्यातल्या निम्म्या लोकांना वाटत असतं, म्हणून मुद्दाम. शिवाय तिथे एनटीएसबी नावाची स्वतंत्र संस्था आहे, जी कुणाला दंड करत नाही, फक्त अपघात का झाला ते खणून काढते आणि अहवाल सगळ्यांसमोर ठेवते. आपल्या भाषेत पोस्टमॉर्टेम. फरक इतकाच की ते खरोखर वाचण्यासारखं असतं :)

तर, १३ सप्टेंबर २०१८. मॅसॅच्युसेट्स राज्यातली लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर ही लागून असलेली गावं. कंपनी कोलंबिया गॅस. दुपारी चारच्या सुमाराला घराघरात आगी लागायला लागल्या. एकाच गल्लीत नाही, तिन्ही गावांत, एकाच वेळी. १३१ इमारतींचं नुकसान झालं, २२ जणांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, एक तरुण गेला.

कारण समजून घेण्यासारखं आहे. या भागातली जुनी पाइपलाइन बिडाची होती आणि तिच्यात गॅसचा दाब होता जेमतेम अर्धा पीएसआय. हा गॅस यायचा ७५ पीएसआयच्या मोठ्या लाइनमधून. मध्ये दाब कमी करणारे रेग्युलेटर. (मराठीत एक बरं आहे, यंत्राला रेग्युलेटर म्हणता येतं आणि सरकारी संस्थेला नियामक. या लेखात दोन्ही फेल जातात, गोंधळ नको.) पुढे दाब किती आहे हे या रेग्युलेटरला कळतं एका बारक्या नळीतून, जी पुढच्या पाइपला जोडलेली असते. दाब उतरला की तो उघडतो, चढला की मिटतो. आणि एक बिघडला तर सांभाळायला दुसरा रेग्युलेटर असतो. म्हणजे बॅकअप होता. नियमात बसणारं, कागदावर छान दिसणारं डिझाइन.

त्या दिवशी ठेकेदाराची माणसं बिडाची जुनी पाइप बंद करून प्लास्टिकची नवी चालू करत होती. दोन्ही रेग्युलेटरच्या दोन्ही नळ्या अजून जुन्याच पाइपला जोडलेल्या होत्या. जुनी पाइप बंद झाली, तिच्यातला दाब उतरत गेला. रेग्युलेटरना वाटलं पुढे गॅस कमी पडतोय, म्हणून ते उघडत गेले, पूर्ण उघडले. बॅकअपही उघडला, कारण तोही त्याच मेलेल्या पाइपची नाडी बघत होता. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल: हेल्थ चेक बंद केलेल्या सर्व्हरकडे बघतोय आणि ऑटोस्केलिंग मशीनवर मशीन चढवत चाललंय. फक्त इथे मशीन नव्हती, लोकांच्या स्वयंपाकघरात जाणारा गॅस होता, आणि त्या जुन्या पद्धतीच्या जाळ्यात प्रत्येक घराला वेगळा रेग्युलेटर नव्हता.

कंपनीचा कंट्रोल रूम होता ओहायोत, कोलंबस शहरात. तिथे ४ वाजून ४ मिनिटांनी अलार्म वाजला, पाचव्या मिनिटाला दुसरा. पण तिथे बसलेल्या माणसाला फक्त दिसत होतं, व्हॉल्व बंद करायची सोय नव्हती. त्यानं फोन केला. रेग्युलेटर प्रत्यक्ष बंद झाला साडेचारच्या आसपास.

आता माझा मुद्दा. खड्ड्यातल्या माणसांनी काय चूक केली? काही नाही. त्यांना दिलेल्या कागदात जसं लिहिलं होतं तसंच त्यांनी केलं. त्या कागदात नळ्या हलवायच्या हे लिहिलेलंच नव्हतं. ज्या विभागाला नळ्या कुठे आहेत ते ठाऊक होतं, त्या विभागाच्या नजरेखालून योजना नीट गेलीच नाही. कंपनीला धोका माहीत नव्हता म्हणावं तर तसंही नाही. २०१५ मध्ये कंपनीनं स्वतःच अंतर्गत सूचना काढली होती की खोदताना या नळ्या सांभाळा, नाहीतर भयंकर प्रकार होईल.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट एनटीएसबीच्या नोव्हेंबर २०१८ च्या अहवालात आहे. अपघाताच्या साधारण चार वर्षं आधीपर्यंत अशी पद्धत होती की जुन्या लाइनमधला दाब उतरवायचं काम असलं की एक टेक्निशियन गेज लावून उभा राहायचा. दाब भलतीकडे जायला लागला की हा खड्ड्यातल्या लोकांना ओरडून सांगणार आणि लगेच हालचाल करणार. ती पद्धत हळूहळू बंद झाली. का बंद झाली याचं कंपनीकडे उत्तर नव्हतं.

उत्तर काय असणार? गेज धरून उभा असलेला माणूस रोज काहीच करत नाही. टेस्टर कशाला पाहिजे, डेव्हलपरच टेस्ट करतील की, हे वाक्य ज्यानं ऑफिसात ऐकलंय त्याला मी काय वेगळं सांगू.

पण माझा राग कंपनीवर नाही. कंपनी पैसे वाचवणारच, ते तिच्या रक्तात आहे. माझा राग नियामकावर आहे. तो गेजवाला माणूस गेला तेव्हा नियामकानं का नाही विचारलं, 'अरे, इथे एक माणूस उभा असायचा, तो कुठे गेला?' कारण त्याला ते कळलंच नसणार. 'गेज धरून माणूस उभा राहील' असा काही नियम नव्हता, त्यामुळे तो मोडलाही गेला नाही. यादीतल्या रकान्यांवर टिका होत राहिल्या.

अमेरिकेत पाइपलाइन सुरक्षेचे किमान नियम केंद्राचे आणि शहरी गॅसच्या बाबतीत त्यांची अंमलबजावणी बहुतेक राज्यांच्या हातात. मॅसॅच्युसेट्समध्ये हे काम जे खातं करतं तेच खातं गॅसचे दरही ठरवतं. २०१४ च्या कायद्यानं तिथल्या कंपन्यांना सवलत दिली की गळक्या जुन्या पाइप बदला, खर्च ग्राहकांकडून लवकर वसूल करा. कल्पना चांगलीच. दरवर्षी कंपनी योजना सादर करणार, किती पाइप बदलणार, किती पैसे, आणि खातं ती मंजूर करणार. म्हणजे खात्याच्या टेबलावर लांबी आणि डॉलर रीतसर येत होते. रस्त्यावरच्या खड्ड्यात काय चाललंय ते टेबलावर येत नव्हतं. प्रोग्रामरची लायकी कोडच्या ओळी मोजून ठरवणारा मॅनेजर आठवला का?

मग अपघातानंतर काय झालं? २०२० मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि तिला ५ कोटी ३० लाख डॉलरचा दंड झाला, त्या कायद्याखालचा तोवरचा सगळ्यात मोठा. पाइप बदलायच्या त्या कार्यक्रमातून २०१५ ते २०१८ या काळात जेवढा नफा झाला त्याच्या दुप्पट असा हिशेब. ऐकायला झकास. त्याच वर्षी मूळ मालक कंपनीनं मॅसॅच्युसेट्समधला धंदा १.१ अब्ज डॉलरला दुसऱ्या कंपनीला विकला आणि गाशा गुंडाळला. मला सांगा, हा दंड भरल्यानं कोणत्या खड्ड्याजवळ पुन्हा एक माणूस गेज घेऊन उभा राहिला? अपघातानंतरचा दंड हा हिशेब चुकता करायचा प्रकार आहे. त्याला अंमलबजावणी म्हणायचं असेल तर मग श्राद्धाला वैद्यकीय उपचार म्हणा.

अंमलबजावणी कशी दिसते तेही याच राज्यात बघायला मिळालं, दुर्दैवानं अपघातानंतर. महिन्याभरातच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, वोबर्न गावात नॅशनल ग्रिड या दुसऱ्याच कंपनीच्या लाइनमध्ये दाब वाढला. कोणी मेलं नाही, स्फोट झाला नाही. तरी खात्यानं त्या कंपनीची तातडीची वगैरे सोडून राज्यभरातली बाकी कामं थांबवली. थांबवली! 'कारणे दाखवा' नाही, 'खुलासा मागवला आहे' नाही. गॅस कंपनीला दंडापेक्षा हे जास्त लागतं, कारण दंड वकिलांच्या खात्यातून जातो आणि थांबलेलं काम प्रत्येक मॅनेजरच्या वेळापत्रकातून. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी राज्यानं कायदा केला की गॅसच्या अशा कामाच्या आराखड्यावर परवानाधारक इंजिनिअरची सही हवी. तोपर्यंत गॅस कंपन्यांना यातून सूट होती. घराच्या खोलीच्या भिंतीला सही लागते आणि गावभर गॅस नेणाऱ्या पाइपला लागत नव्हती.

इथे कोणीतरी म्हणणारच, 'म्हणजे तुला इन्स्पेक्टर राज परत पाहिजे?' नाही. इन्स्पेक्टर राजमध्ये इन्स्पेक्टर तुमच्या ऑफिसात येऊन चहा पितो आणि फाइल बघतो. मला खड्ड्यात उतरणारा इन्स्पेक्टर पाहिजे, न सांगता येणारा, काम थांबवायचा अधिकार खिशात असलेला, आणि त्यानं काय लिहिलं ते सगळ्यांना वाचता येईल असा. पहिल्याला लाच देता येते कारण तो काय बघून गेला ते कुणालाच दिसत नाही.

आता आपल्याकडे. लॉरेन्सचा अपघात आपल्याकडे जसाच्या तसा होणं अवघड आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपली जाळी नवी आहेत, गल्लीतल्या प्लास्टिकच्या लाइनमध्ये साधारण चार बारपर्यंत दाब असतो आणि घराशी तो रेग्युलेटरनं २१ मिलिबारवर आणला जातो. आपला राक्षस वेगळा आहे. तो पिवळा असतो आणि त्याला जेसीबी म्हणतात. आज ड्रेनेज, उद्या फायबर, परवा पाणी, तेरवा परत ड्रेनेज. खाली काय आहे हे ऑपरेटरला माहीत नाही, आणि मुकादमाला माहीत करून घ्यायचं नाही. मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप केंद्रानं आणलं, खोदणाऱ्यानं आधी कळवावं म्हणून. उत्तम. पण न कळवता खोदणाऱ्याचा जेसीबी कोण बंद करणार?

अमेरिकेत खोदण्याआधी फोन करायचा ८११ नंबर २००७ पासून आहे. तरी पाइप फुटायचेच. मग १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या पाइपलाइन खात्यानं एक भारी नियम लागू केला. राज्याकडे खोदाईचा कायदा आहे का एवढंच नाही, तर राज्य तो कायदा खरंच वापरतं का, दंड करतं का, हे केंद्र तपासणार. अंमलबजावणी पुरेशी नसेल तर केंद्र थेट खोदणाऱ्याला पकडणार. म्हणजे नियम बघणाऱ्यांनाच मार्क द्यायचे. आपल्याकडे अशी मार्कलिस्ट काढली तर किती महापालिका पास होतील?

आपला नियामक म्हणजे पीएनजीआरबी, २००६ च्या कायद्यानं झालेलं मंडळ. शहरी गॅससाठी त्याचे तांत्रिक आणि सुरक्षेचे नियम २००८ पासून आहेत आणि वाचले तर चांगले आहेत. सुमारे ३०० भौगोलिक क्षेत्रांत परवाने दिले गेलेत. सुरक्षा ऑडिट करतात त्रयस्थ संस्था, मंडळाच्या यादीतल्या, पण त्यांना नेमायचं आणि पैसे द्यायचे कंपनीनं. ज्याचं कोड तपासायचं त्यानंच आपला रिव्ह्यूअर निवडायचा आणि त्याचं बिलही भरायचं! आणि नियमभंगाला कायद्यातली दंडाची मर्यादा आहे प्रत्येकी एक कोटी रुपये, भंग चालूच राहिला तर वर रोजचे दहा लाखांपर्यंत. एक कोटीत पुण्यात एक बरासा टू बीएचके येतो. शहरभर गॅस विकणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदात तो कुठल्या ओळीत दिसेल? दुसऱ्या टोकाला परवाना रद्द करणं, ते कोणी करणार नाही, कारण लाखो चुली एका दिवसात बंद करायची हिंमत कोणाची? दंड आणि रद्द या दोन टोकांच्या मधलं हत्यार, आजच्या आज या खड्ड्यातलं काम थांबवायचं, ते चालताना दिसलं पाहिजे.

'याला खर्च किती येईल' असं म्हणणाऱ्यांनी गेजवाल्या माणसाचा पगार आणि १३१ इमारती एका कागदावर लिहून बघाव्यात.

तोपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. पीएनजीआरबी ही कायद्यानं झालेली संस्था, म्हणजे तिला माहितीचा अधिकार लागू. आपल्या शहराच्या गॅस कंपनीचं शेवटचं सुरक्षा ऑडिट कधी झालं, कोणी केलं, त्रुटी किती निघाल्या, त्यातल्या किती कोणीतरी प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघून बंद केल्या आणि किती नुसत्या पत्रावर बंद झाल्या, मंडळानं स्वतःहून काम किती वेळा थांबवलं. पाच प्रश्न. मी अर्ज टाकतोय, उत्तर आलं की इथेच टाकीन. तुमच्या शहरासाठी तुम्ही टाका, फी १० रुपये आहे.