करून पाहू या : गोठ्यातली जावा

मुलांनो,

तुमच्या गावात, वाड्यात किंवा इमारतीच्या जिन्याखाली एखादी जुनी मोटारसायकल नक्की उभी असेल. टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली आणि टाकीवर कोंबड्यांची वस्ती! तिच्यावर बसून तोंडाने ‘घुर्रर्र’ करत तुम्ही पार मुंबईला जाऊनही आला असाल. पण ती खरोखर पुन्हा चालू होईल का, असं कधी मनात आलंय? आज आपण याच प्रश्नाच्या मागे लागू या.

आमच्या शाळेमागच्या वाड्यात अशीच एक जावा होती, १९७० सालातली. वीस-बावीस वर्षं ती गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे पडून होती. मग गोठा पाडायचं ठरलं. भंगारवाला आला, त्याने किलोच्या हिशेबाने भाव सांगितला. घरातले काका म्हणाले, “थांबा, मी दुरुस्त करून बघतो.” काका कामाला दूध संकलन केंद्रावर. त्यांनी आयुष्यात सायकलच्या पंक्चरपलीकडे काही काढलेलं नव्हतं! आजोबा हसले आणि म्हणाले, “मृगाच्या आत उभी राहिली तर ठेव. नाहीतर भंगारात.” तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. म्हणजे हातात जेमतेम सात महिने.

आता ही जावा कोण, ते आधी पाहू. १९२९ साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या प्राग शहरात फ्रँटिशेक यानेचेक यांनी ‘वांडरर’ या जर्मन कंपनीचा मोटारसायकलचा विभाग विकत घेतला. दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून नवं नाव तयार झालं. चेक भाषेत त्याचा उच्चार होतो ‘यावा’. आपल्याकडे मात्र इंग्रजी स्पेलिंग वाचून झालं ‘जावा’. आहे की नाही गंमत? तिकडे ‘या’, इकडे ‘जा’! पुढे रुस्तुम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला आणि १९६०-६१ पासून जावा आपल्या देशात बनू लागल्या. १९७३ पासून त्यांचं नाव ‘येझदी’ झालं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये ‘जावा’ हे नाव नव्या मोटारसायकलींवर परत आलं, पण त्या गाड्या वेगळ्या. जुन्या जावाची खूण सोपी आहे. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन! शिवाय किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तोच वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर.

गोठ्यातून गाडी बाहेर काढल्यावर सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली. मारा किक! नवशिक्यांची अर्धी गाडी इथेच बिघडते. अनेक वर्षं बंद असलेल्या इंजिनाच्या आत तेलाचा थर उरलेला नसतो. ओली हवा शिरून सिलिंडरला गंज चढलेला असतो. गंज म्हणजे काय, हे तुम्ही विज्ञानात शिकलात. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये आधीच केसाएवढी फट, तीही गंजाने भरून जाते. म्हणून पिस्टन अडकतो. त्यावर जोराने किक मारली तर आतून ओरखडे उठतात, कधी भाग तुटतातही.

काकांनी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, “पाना नंतर. आधी वही आण.”

वही? मोटारसायकलला वही कशाला? तर त्याचं कारण असं. गाडी खोलणं अगदी सोपं असतं. दोन रविवारात तिचे शेकडो तुकडे होतात. जोडताना मात्र कोणता नट कुठला, वॉशर आत होता की बाहेर, वायर कुठून गेली होती, यातलं काही आठवत नाही. मग सगळे भाग पोत्यात जातात आणि पोतं भंगारात. न उघडलेल्या गाडीला निदान आशा असते. उघडून अर्धवट सोडलेली गाडी मात्र कायमची गेली!

वही सांभाळायचं काम मिळालं काकांच्या पुतणीला. ती सातवीत आहे, पूर्वी माझ्याच वर्गात होती. काकांनी एक भाग काढायचा, तिने त्याला क्रमांक द्यायचा, वहीत चित्र काढायचं आणि भाग त्याच क्रमांकाच्या डबीत ठेवायचा. काका म्हणाले, “मोबाईलवर फोटो काढू की!” फोटोही काढले. पण फोटोत सगळंच दिसतं, नेमकं काय पाहायचं ते दिसत नाही. चित्र काढायचं तर आधी नीट पाहावं लागतं.

अडकलेल्या पिस्टनचं काय झालं? स्पार्क प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन तेलाचं मिश्रण आत सोडलं आणि वाट पाहिली. रोज संध्याकाळी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हलकेच पुढे-मागे करायचं. आठ दिवस काहीच हललं नाही. शेजारी हातोडा सुचवू लागले. नवव्या दिवशी पिस्टन चिमूटभर सरकला! वहीत त्या दिवशी फक्त एकच शब्द आहे. ‘हलला.’

मग इंजिन उघडलं, आतला गंज काढून सिलिंडर आणि पिस्टन साफ केले. त्यानंतर पाळी आली कार्बोरेटरची. कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण इंजिनाला देतो. जुनं पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट राळ उरते आणि पितळेच्या जेटचं बारीक भोक बुजतं. तिथे लोखंडी तार घालायची नाही, कारण पितळ मऊ असतं. भोक मोठं झालं की पेट्रोलचं माप चुकतं. काकांनी जेट भिजत ठेवलं आणि हवा मारून साफ केलं. ठिणगीचंही तसंच. आतले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन छोटे धातूचे टोक, बारीक पॉलिश पेपरने घासले. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते!

आता थोडं गणित. जावाचं इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्याला आतून वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. समजा, गाडीच्या पुस्तिकेत २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल असं प्रमाण दिलं आहे. तर १ लिटर पेट्रोलला तेल किती? १००० भागिले २५, म्हणजे ४० मिलिलिटर. मग ३ लिटरला? करा पटकन! हे तेल घालायला विसरलं, तर सात महिन्यांची मेहनत काही किलोमीटरमध्ये जळून जाईल.

मृगाला आठ दिवस उरले. गाडी जोडून झाली. आणि डब्यांच्या ढिगात एक लोखंडी नळी सापडली, बोटाच्या पेराएवढी. काका थकले होते. म्हणाले, “राहू दे. गाडी तर उभी आहे ना?” पुतणी काही बोलली नाही. तिने वही उघडली, क्रमांक ६३. मागच्या चाकाच्या आसावरचा स्पेसर! तो नसता तर नट आवळताच बेअरिंगवर भलता दाब आला असता आणि चाक नीट फिरलं नसतं. चाक पुन्हा काढायचं म्हणजे आणखी दोन दिवस जाणार होते. काकांनी वहीकडे पाहिलं, पुतणीकडे पाहिलं आणि पाना उचलला.

त्यानंतर मिस्त्रींनी ब्रेक तपासले. “आधी थांबायला शिकव, मग पळायला,” असं ते म्हणाले. टायर, ट्यूब, केबल आणि ब्रेकचे शू सगळे नवे घातले. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं, त्याला चिरा पडतात.

मृगाच्या दोन दिवस आधी किक मारली. पहिल्या, दुसऱ्या, सातव्या किकला काही नाही. अकराव्या किकला दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला आणि ‘डुग्-डुग्-डुग्’ असा आवाज वाड्यात भरून राहिला. कोंबड्या उडाल्या. आजोबा काठी विसरून ओट्यावरून खाली उतरले. त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि विचारलं, “वही कुठाय?” मग चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचली.

गाडी अजून रस्त्यावर मात्र आलेली नाही. कागदपत्रं पूर्ण व्हायची आहेत. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीचा वेगळा नियम आहे. काका त्याच खटपटीत आहेत.

पालकांना दोन शब्द. पेट्रोल, जुनी बॅटरी आणि फिरणारी साखळी यांच्याजवळ मुलांना एकटं सोडू नका. जुन्या ब्रेकची धूळ फुंकू देऊ नका, तिच्यात घातक अॅस्बेस्टॉस असू शकतं. पण मुलांना अंगणातून हाकलूही नका. वही, डब्या आणि चिंध्या त्यांच्याकडे द्या. आणि वहीतलं म्हणणं ऐकायची तयारी ठेवा, मग ते पोरीने सांगितलेलं का असेना!

या आठवड्याचा उद्योग : घरातलं बंद पडलेलं, वीज नसलेलं काहीतरी घ्या. जुनी सायकलची घंटा, कुलूप किंवा बॉलपेन चालेल. घरच्यांना विचारून खोला. प्रत्येक भागाला क्रमांक द्या, चित्र काढा. रात्रभर तसंच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फक्त वही पाहून जोडा. एखादा भाग उरला, तर वहीचं कुठलं पान अपुरं राहिलं ते शोधा.

घंटा वाजली की मला कळवा हं! पुढच्या आठवड्यात भेटू.