आमदाराकडे जाताना कागद न्यावा



हट्ट्याहून परभणीला निघाले की वाटेत पूर्णा लागते. अशा नदीतल्या वाळूचा विषय गावात निघाला, की बोलणे दोन ठिकाणी हमखास अडते. तलाठ्याला सांगून काय होणार, आणि आमदार तरी काय करणार? पहिल्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून द्यावे. दुसऱ्याबद्दल आज बोलू.

वाळू ही नदीची पाण्याची कणगी आहे. पुराचे पाणी तिच्यात मुरते आणि पूर ओसरल्यावर काठच्या विहिरींना हळूहळू मिळत राहते. वाळू पार तळापर्यंत खरवडली, की पाणी थांबत नाही आणि चैत्रातच विहिरी तळ गाठतात. मग घागर घेऊन लांब कोण जाते, हे घरातल्या बायकांना विचारा. म्हणून या कामाला जाणाऱ्या मंडळींत निम्म्या बायका असाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९५३ च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरते, बहुधा डिसेंबरात. तेव्हा कापूस वेचणीला असतो, तूर शेंगेत असते. एक दिवस गावासाठी द्यायचा म्हणजे मजुरी बुडते, हे खरेच. वसमत स्टेशनावरून हिंगोली, वाशीम करीत अकोल्याला जायचे आणि तिथून नागपूरची गाडी धरायची. जाण्यायेण्याची रात्र वेगळीच. एवढे करून हात हलवत परत यायचे नसेल, तर तयारी दसऱ्यापासून हवी. कारण तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो. हट्टा वसमत मतदारसंघात येते; तिथल्या आमदारांची पहिली भेट त्यांच्या गावीच घ्यावी.

कागद एकच पान असावा आणि त्यात विषयही एकच. काठच्या चार-पाच विहिरी ठरवा आणि दर पंधरवड्याला दोरी सोडून पाण्याची खोली तारखेसह वहीत मांडा. गट नंबर लिहा. वाळूच्या खेपा मोजायच्या तर आपल्या ओट्यावर बसून मोजाव्यात. ट्रॅक्टर अडवायला कोणी जाऊ नये, जीव महाग आहे. मग मागणी नेमकी करा: या पट्ट्यात किती वाळूची परवानगी होती, उचलली किती, आणि पात्राची मोजणी पुन्हा केव्हा करणार? नुसते 'पर्यावरण वाचवा' लिहिलेत, तर त्याला कोणीही मान डोलावील आणि चहा पाजून वाटेला लावील.

नागपुरात यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. मोर्च्याची ताकद मोठी खरीच, पण पाच माणसांचे काम सकाळी लवकर आमदार निवासात होते. सत्तेतले आणि विरोधातले, दोघांनाही भेटा. मराठवाड्याचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे आमदारही आपलेच, त्यांना आपण उगाच विसरतो. एकानेच बोलावे. डीपी जळाला, पुतण्याची बदली अडली, ही गाऱ्हाणी त्या दिवशी खिशातच ठेवावीत.

असे केल्याने कधी काही झाले का, असे कोणी विचारील. सांगली जिल्ह्यात येरळा नदीच्या काठी बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८० नंतरच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीबरोबर वाळूच्या बेसुमार उपशाविरुद्ध आवाज उठवला. ते नुसते 'नको' म्हणून थांबले नाहीत. नदीतली थोडी वाळू गावालाच विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधतो, अशी योजना त्यांनी सरकारपुढे मांडली. सरकार सहजासहजी ऐकेना. पुष्कळ झगडावे लागले. पण बळीराजा स्मृती धरण उभे राहिले, आणि भूमिहीन घरांनाही पाण्यात वाटा ठरला. नेमकी योजना हातात असली की नाही म्हणणाऱ्यालाही कारण द्यावे लागते, ते असे.

निघताना प्रतीवर सही व तारीख घ्या. लक्षवेधी मांडणार की पुढच्या अधिवेशनात प्रश्न, हे तिथेच विचारा. जे उत्तर मिळेल ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा. 'हे खरे आहे काय' या प्रश्नाला सरकारी उत्तर पुष्कळदा 'हे खरे नाही' असे तीन शब्दांचे येते. तसे आले, तर विहिरींची वही काढायची आणि पुढचा कागद लिहायला घ्यायचा.